सव्वीस वर्षांचं दही आणि माझी चाळीस पाइंट बिअर

आमच्या घरात माझ्याहून एक वर्षाने मोठं असलेलं दही आहे.

म्हणजे दही रोज संपतं, पण विरजण तेच. आई लग्न होऊन इकडे इंग्लंडला यायला निघाली तेव्हा सांगलीच्या आजीने एक सुती फडकं दह्यात बुडवून, कडक वाळवून, घडी घालून तिच्या पैठणीच्या आत ठेवलं होतं. एअरपोर्टवर ऑफिसरने उचलून विचारलं, हे काय, तर आई म्हणाली, "हँकरचीफ." लेस्टरला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये पोचल्यावर कोटसुद्धा न काढता तिने दूध कोमट केलं आणि ते फडकं त्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी दही लागलं आणि आई रडली. (माझा जन्म झाला तेव्हा ती रडली नव्हती. मी विचारलंय.) पुढे आम्ही मिल्टन कीन्सला शिफ्ट झालो तेव्हा मी मागे कार सीटमध्ये बांधलेली आणि दह्याचा स्टीलचा डबा पुढे आईच्या मांडीवर. आजीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्या हातचं म्हणून आमच्याकडे जे काय उरलंय ते त्या डब्यात आहे.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं त्यात चूक कोणाची याबद्दल उगाच शंका राहायला नको.

तर, मला ऑफिसच्या सीक्रेट सँटामध्ये बिअर बनवायचं किट मिळालं. एक मोठी पांढरी बादली, घट्ट बसणारं झाकण, काकवीसारखा काळा माल्ट भरलेला डबा, यीस्टची पुडी आणि एक वाकडी प्लास्टिकची नळी. नळी झाकणावर खोचायची, तिच्यात थोडं पाणी घालायचं, मग आतला गॅस त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर येतो. चाळीस पाइंट होतात. मी बिअर फार पीत नाही, पण मी गोष्टी सुरू फार करते. (आधीची सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पावाचं विरजण, आठ दिवस जगली. तिचं नावही ठेवलं होतं. जाऊदे.)

किटवर लिहिलं होतं, वीस डिग्रीला ठेवा. आमचं घर जानेवारीत सतरा डिग्री असतं, कारण थर्मोस्टॅट बाबांच्या ताब्यात आहे आणि बाबांच्या मते थंडी हा स्वेटर न घालणाऱ्यांचा आजार आहे. घरात उबदार जागा एकच. जिन्याच्या वरचं कपाट, ज्यात गरम पाण्याची टाकी आहे आणि टॉवेल वाळतात. त्या कपाटाच्या वरच्या फळीवर, बाबांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला, दह्याचा डबा.

मी बादली खालच्या फळीवर ठेवली. आईने दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"सानू, हे काय आणून ठेवलंयस?"

"कोंबुचा," मी म्हणाले. "चहाचं असतं गं. पोटाला चांगलं."

आईने बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पोटाला चांगलं असेल तर असूदे," म्हणाली आणि टॉवेल घेऊन गेली. मला वाटलं, काय सहज खपलं.

बाबांना मात्र खरं सांगावं लागलं, कारण ते कपाट उघडून नळीकडे एकटक बघत उभे होते. बाबा भूलतज्ज्ञ आहेत. तीस वर्षं त्यांनी झोपलेल्या माणसांचा श्वास मोजलाय. समोर काहीतरी नियमित बुडबुडतंय म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप घड्याळाकडे गेला.

"मिनिटाला अठरा," ते म्हणाले. "छान आहे. काय आहे हे?"

"बिअर."

"आईला माहितीये?"

"कोंबुचा म्हणून माहितीये."

बाबांनी थोडा विचार केला. "पेशंटच्या नातेवाइकांना सगळंच सांगायचं नसतं," म्हणाले आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. वेळ, टेंपरेचर, बुडबुडे, शेरा. दर दोन तासांनी नोंद. शेऱ्यात ते 'स्टेबल' लिहायचे.

मंगळवारी बर्फ पडायला लागला आणि थांबेचना. त्याच शनिवारी चार वाजता आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पंचवीस बायका, मसालेभात, कढी आणि आईचं श्रीखंड. थंडीत श्रीखंड कोण करतं असं विचारू नका. मिल्टन कीन्समध्ये मराठी बायका बर्फातून चालत हळदीकुंकवाला येतात त्या श्रीखंडासाठी येतात, वाण म्हणून लुटलेल्या गाळणीसाठी नाही.

बुधवारी सकाळी बॉयलर बंद पडला. घराबाहेर त्याची एक बारीक नळी जाते, तिच्यातलं पाणी गोठलं. कपाट गार. मिनिटाला बुडबुडे सहा. मग चार. मग दोन.

"पेशंट बिघडतोय," बाबा हळू आवाजात म्हणाले.

मी शेजारच्या कीथला विचारायला गेले. कीथ रिटायर्ड पोस्टमन आहे, शेडमध्ये वीस वर्षं बिअर बनवतो आणि आमच्या कुंपणावरून भाज्या देतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"थंडीने झोपली असेल," तो म्हणाला. "उबेत आली की उठेल. तू एकच काम कर. तिला हात लावू नकोस."

एवढा सोपा सल्ला मला आयुष्यात कोणी दिला नव्हता.

मी घरी येऊन बादलीत अर्धा किलो साखर घातली. मग आईच्या डब्यातलं पावाचं यीस्ट, दोन पुड्या. मग बादलीला गोधडी गुंडाळली, पूर्ण, वरून, नळीसकट. बाबा म्हणाले, "नळी दबली नाही ना?" मी म्हणाले, "नाही हो बाबा." (दबली होती.)

दुपारी कीथ किटली घेऊन आला आणि गोठलेल्या नळीवर कोमट पाणी ओतून त्याने बॉयलर चालू करून दिला. आई दिवसभर दोन स्वेटर घालून तिळाचे लाडू वळत होती. तिने बाबांची परवानगी न घेता थर्मोस्टॅट पंचवीसवर नेला आणि गरम पाणी कायमचं चालू ठेवलं. "मे महिना करून टाकते," म्हणाली. "काय व्हायचं ते होऊदे."

ते गुरुवारी सकाळी दहाला झालं.

आई फुलं मिळतायत का बघायला बाहेर पडली होती. मी खाली लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. वरून असा आवाज आला की माझा मॅनेजर म्हणाला, "सानिका, ऑल ओके?" मी आणि बाबा एकदमच जिन्यावर पोचलो.

झाकण उडून वरच्या फळीला लागलं होतं. वरची फळी निसटली होती. डबा आडवा. त्यातलं बरंचसं दही खालच्या बादलीत, आणि बादलीतला तपकिरी फेस टाकीवर, छतावर, टॉवेलांवर, मफलरवर आणि डब्यात. जे वर होतं ते खाली गेलं होतं आणि जे खाली होतं ते वर. बादली मात्र मिनिटाला साठच्या गतीने फसफसत होती. इतकी जिवंत ती कधीच नव्हती.

बाबांनी डब्यात वाकून पाहिलं. तळाला दोन चमचे दही होतं, त्यावर फेस. मग घड्याळ पाहिलं फक्त.

आता इथे एक शहाणी मुलगी तळाचं एक चमचा दही बाजूला काढते, आईची वाट बघते आणि खरं सांगते. मी डबा लिक्विड सोप लावून गरम पाण्याने धुतला. दोनदा.

"धुतलास?" बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "अगं, आपण आधी कन्फर्म करायला हवं होतं."

"काय कन्फर्म?"

"की ते गेलंय."

आई अर्ध्या तासात येणार होती आणि संध्याकाळी सहा लिटर दुधाला विरजण लावणार होती. मी पायजम्यावर कोट चढवून कोपऱ्यावरच्या दुकानात धावले. तिथे बर्फाच्या बातमीने लोकांनी दूध, ब्रेड, अंडी सगळं साफ करून टाकलेलं. योगर्टच्या शेल्फवर एकच कार्टन. लो-फॅट व्हॅनिला.

पांढरं होतं. मी म्हटलं, सहा लिटरमध्ये दोन चमचे, कोणाला कळणार आहे.

डबा भरला, मफलर धुऊन हेअरड्रायरने वाळवला, कपाट पुसलं. आई आली, नाक वर करून म्हणाली, "कसला वास येतोय?" मी म्हणाले, "कोंबुचा सांडला." ती परत "असूदे" म्हणाली. संध्याकाळी तिने दूध कोमट केलं, बोट घालून बघितलं, डब्यातलं विरजण न बघताच सवयीने चमच्याने लावलं. सव्वीस वर्षांचा हात. बघायची गरजच नव्हती. मी कांदा चिरायचं निमित्त करून रडले, आणि कांदा कुठल्याच पदार्थात नव्हता.

शुक्रवारी सकाळी आईने पातेल्यावरचं झाकण काढलं. चमचा घातला, वर उचलला. दह्याला तार आली. तार चमच्यापासून पातेल्यापर्यंत, पातेल्यापासून ओट्यापर्यंत. तिने वास घेतला.

"कस्टर्ड," आई म्हणाली. एवढंच.

मग तिने डबा उघडून बोटाने चाखलं आणि माझ्याकडे वळली. "आपलं कुठाय?"

मी सांगितलं. गोधडीपासून व्हॅनिलापर्यंत सगळं.

"आणि आई, तो कोंबुचा नव्हता. बिअर होती."

"बिअर होती हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मला नाक नाहीये का? तुझे बाबा दाराला चार्ट लावतात कोंबुच्याचा?" तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "बिअर कर गं, काय करायचं ते कर. पण डबा धुतलास? तळाचा एक चमचा पुरला असता सानू. एक चमचा."

आणि ती जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. माझ्या आईला मी बसलेलं फारसं बघितलेलं नाही.

बाबांनी तिच्यासमोर चहा ठेवला. "अगं, कोणाकडे तरी असेल. तू अख्ख्या गावाला दिलंयस."

"दिलंय, पण ठेवलंय कोणी? सगळ्या दुकानातून टब आणतात." मग भिंतीकडे बघून म्हणाली, "एकीकडे असेल."

कोणाकडे ते आम्हाला कळलं. लेले काकूंकडे.

लेले काकू आणि आई सतरा वर्षांच्या मैत्रिणी. आई त्यांना सुमा म्हणायची, 'सुमे' म्हणायची. विरजण आईनेच दिलं होतं त्यांना. तीन वर्षांपूर्वी गणपतीत काकू एका नवीन आलेल्या सुनेला आईसमोर म्हणाल्या, "ने हो, आमच्या साताऱ्याचं विरजण आहे." आई म्हणाली, "साताऱ्याचं?" काकू म्हणाल्या, "माझ्या घरात एवढी वर्षं लागतंय, माझंच झालं की." त्या दिवसापासून आई त्यांना 'लेलेबाई' म्हणते, आणि तेही नाइलाज असेल तरच. आता त्यांच्याकडे मागायला जायचं म्हणजे सांगली साताऱ्याच्या स्वाधीन करायची.

"मी जाते," मी म्हणाले.

आई भिंतीकडेच बघत होती. "'तुमचं' म्हणायचं नाही," ती म्हणाली. "'आमचं' म्हणालीस तर देणार नाही ती. नुसतं 'विरजण' म्हण."

गाड्या बर्फात रुतल्या होत्या. मी चालत निघाले, दीड मैल, रेडवेवरून. (म्हणजे आमच्याकडची चालणाऱ्यांची लाल वाट. त्या दिवशी ती कुठल्याच रंगाची नव्हती.) पूर्ण वाटभर मी मोठ्याने 'नुसतं विरजण, नुसतं विरजण' म्हणत होते आणि एक कुत्रा फिरवणारा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

काकूंनी दार साखळीएवढं उघडलं.

"कोण, सानिका? या असल्या बर्फात? आईने पाठवलं?"

"नाही. म्हणजे हो. म्हणजे मीच आले."

"काय हवंय?"

"विरजण."

काकूंनी चष्मा वर सरकवला. "कोणाचं?"

झालं. सांगलीचं म्हटलं तर दार बंद. साताऱ्याचं म्हटलं तर दही मिळणार, पण मग मला राहायलाही काकूंकडेच लागलं असतं. माझे पाय सुन्न झाले होते आणि दीड मैल पाठ केलेलं सगळं विसरले.

"आजीचं," मी म्हणाले. "आमचं माझ्याकडून सांडलं, काकू. बिअर फुटली. मग उरलेलं मीच धुतलं. आई जिन्यावर बसलीये."

"जिन्यावर? कधीपासून?"

"सकाळपासून."

काकूंनी साखळी काढली. आत गेल्या. मी पायपुसण्यावर उभी राहून निथळत होते. पाच मिनिटांनी त्या आल्या ते अंगात लांब कोट, पायात काकांचे गमबूट, आणि कोटाच्या आत पोटाशी धरलेला छोटा डबा.

"काकू, मी नेते ना. तुम्ही कशाला एवढ्या बर्फात?"

"विरजण तुझ्या हातात?" काकू म्हणाल्या. "तुझ्या?"

मी दोन्ही हात खिशात घातले.

अर्ध्या वाटेवर उतारावर आम्ही दोघी एकदम घसरलो. मी काकूंना धरायला गेले, काकूंनी माझा खांदा पकडला, स्वतः उभ्या राहिल्या आणि त्याच जोराने मी खाली गेले. बर्फात पालथी पडलेल्या मला वरून त्यांचा आवाज आला. "काही नाही, काही नाही, वाचलं." त्या डब्याबद्दल बोलत होत्या.

घरी आई अजून तिसऱ्या पायरीवरच होती. दारात लेले काकू बघून उभी राहिली. तीन वर्षांनी समोरासमोर. बाबा डिशवॉशर उघडून त्यात काहीतरी शोधायला लागले.

"जिन्यावर काय बसलीस मंगल," काकू गमबूट काढत म्हणाल्या. "थंडी भरेल."

"थर्मोस्टॅट पंचवीसवर आहे," आई म्हणाली.

"दूध?"

"यांनी तापवलंय. परत सहा लिटर मागवलं, कीथने कुठूनतरी आणून दिलं."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. आईने दुधात बोट घातलं. मग काकूंनी घातलं. "जरा अजून निवूदे," दोघी एकदम म्हणाल्या. आईने काकूंच्या डब्यातलं थेंबभर दही जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. मी दाराआडून बघत होते. आयुष्यात इतका वेळ श्वास कधी रोखला नव्हता. बाबांचं डोकं डिशवॉशरमध्ये नसतं तर त्यांनी मोजला असता.

"हेच," आई म्हणाली.

"दुसरं कुठलं असणार," काकू म्हणाल्या. आणि मग, पातेल्याकडे बघत, "तुझ्या आईचंच आहे. मी काय नाही म्हणतेय?"

आईने विरजण लावलं, पातेलं मफलरमध्ये गुंडाळलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. मग म्हणाली, "सुमे, चहा टाकू?"

बाबा डिशवॉशरमधून बाहेर आले.

संध्याकाळपर्यंत दही लागलं. रात्रभर चक्का टांगला. शनिवारी चार वाजता पंचवीसच्या पंचवीस बायका ओले बूट दारात सोडून आत आल्या. पहिला चमचा खाऊन कोणीतरी विचारलं, विरजण कुठलं हो? तिळगुळाची वाटी आईच्या हातात तशीच राहिली.

"सांगलीचं," लेले काकू म्हणाल्या. आईने वाटी पुढे केली. "पण माझ्या हाताखाली वाढलंय, म्हणून एवढं घट्ट."

मी डोळे मिटून घेतले.

"घट्ट आहे खरं," आई म्हणाली आणि काकूंच्या पानात अजून एक डाव वाढला.

बिअरचं विचाराल तर निम्मी बादली वाचली होती. दही पडलेली, पावाच्या यीस्टची, अर्धा किलो साखरेची. मी ती हिमतीने बाटल्यांत भरली. बाबांनी एक घोट घेतला आणि चार्टवर शेवटची नोंद केली: 'नातेवाइकांना कळवले.' कीथने अर्धा ग्लास संपवला, खिडकीबाहेर बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग." (इथल्या लोकांच्या भाषेत याचा अर्थ 'परत देऊ नकोस'.)

एप्रिलमध्ये काकू म्हणाल्या, दे मला त्या बाटल्या. बागेत गोगलगायी कोबी खातात, बशीत बिअर ठेवली की त्या वासाने येतात, पितात आणि तिथेच बुडतात. इथे सगळेच हा उपाय करतात. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, शेवटी कोणाच्या तरी उपयोगाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फोन केला.

"आल्या होत्या गं," काकू म्हणाल्या. "दहा-बारा तरी आल्या. बशीला वळसा घालून कोबीकडे गेल्या."